लेबर रूमच्या सिस्टरांना, डिस्चार्ज कार्डाबद्दल

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या ग्रामीण रुग्णालयातून आमच्या केंद्रात येणाऱ्या बाळांची कार्डं वाचून हे जाहीर आभार मानतो आहोत. इतर बहुतेक कार्डांवर एकच ओळ असते, ‘जन्मतः रडले नाही’. तुम्ही मात्र बॅग-मास्क (बाळाच्या फुप्फुसात हवा भरायची हाताने दाबायची पिशवी) कितव्या सेकंदाला लावला, हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर कधी गेले, १, ५ आणि १० मिनिटांचे अपगार गुण (बाळाचा रंग, ठोके, श्वास, हालचाल पाहून १० पैकी दिलेले) किती, पहिला झटका कधी आला, हे सगळं लिहिता.

‘उशिरा रडलं म्हणून सीपी झाली’ अशी घरच्यांची पक्की समजूत असते. सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालीत येणारं अपंगत्व. खरं तर सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांत कारण प्रसूतीच्या वेळचं नसतं. दिवस भरण्याआधीचा जन्म, गर्भातला संसर्ग, नंतरची तीव्र कावीळ अशी किती तरी कारणं असतात. प्रसूतीत ऑक्सिजन कमी पडला म्हणायला ५ आणि १० मिनिटांचे गुण ५ पेक्षा कमी, नाळेच्या रोहिणीतल्या रक्ताचा पीएच (आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकं रक्त आम्ल) ७ च्या खाली आणि पहिल्या २४ तासांत सुस्ती, दूध न ओढणं, झटके अशी लक्षणं, हे सगळं जुळून यावं लागतं. एक मिनिटाच्या गुणांवरून काहीच ठरत नाही. काविळीने आणि ऑक्सिजनअभावी होणारी सीपी पुढे दिसायला सारखी असू शकते, दोन्हींत हातपाय आपोआप वळू शकतात. तिथे तुमची नोंदच कामी येते.

नोंदीइतकेच आभार त्या पहिल्या मिनिटाचे. दिवस भरलेल्या बाळाला साध्या हवेवर बॅग सुरू करता येते, तरी ऑक्सिजनचा सिलिंडर शोधण्यात वेळ घालवणारे आहेतच! बॅग दाबायची मिनिटाला ४० ते ६० वेळा, ‘दाबा, सोडा, सोडा’ या तालावर. छाती उचलत नसेल तर बहुधा मास्कच्या कडेने हवा गळते, नाही तर मान फार मागे किंवा पुढे झुकलेली असते. तुम्ही आधी मास्क नि मान नीट करता, मग तोंड साफ करून उघडता आणि शेवटी दाब वाढवता. हाच क्रम बरोबर.

आभारपत्रात मागणी शोभत नाही, तरी करतो. प्रसूतीआधी बाळाचे ठोके शेवटचे कधी ऐकले आणि कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं ड्रिप कधी वाढवलं, तेही कार्डावर असू द्या. आणि झटके आलेलं बाळ मान धरायची वाट न पाहता तिसऱ्या महिन्यातच आमच्याकडे पाठवा.

आपले,
बालविकास केंद्रातील बालरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट