बिअरला नावं ठेवण्याआधी क्रेट कुठं ठेवला होता ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले तीन आठवडे 'आयुष्यात प्यायलेली सर्वांत वाईट बिअर' या विषयावर वाचकांची पत्रं येताहेत. मी सगळी वाचली, काही दोनदा. एकाला गोव्याच्या शॅकवरची नको झाली, एकानं लातूरच्या परमिट रूममध्ये अर्धी बाटली तशीच सोडली, आणि एका सद्गृहस्थांनी तर आपल्या देशात बिअर होतच नाही असा निकाल देऊन टाकला. प्रत्येकानं कंपनीचं नाव घेऊन शिव्या घातल्यात (आपण नावांच्या जागी फुल्या टाकल्यात, बरं केलंत). बाटली कुठल्या महिन्यात भरलेली होती आणि प्यायच्या आधी कुठं पडलेली होती, हे मात्र एकाही पत्रात नाही. म्हणून लिहायला बसले.

मी १९९४ ते २०२१ वाळूजच्या एका ब्रुअरीत क्वालिटी लॅबमध्ये होते. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं, नोकरी मिळाली ती इथं. माझ्या सासूबाई पाहुण्यांना 'फॅक्टरीत तपासणीला असते' एवढंच सांगायच्या; कशाची तपासणी ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. रोज सकाळी अकराला आमचं चाखण्याचं पॅनेल बसायचं. त्या वेळी पोट रिकामं नसतं आणि भरलेलंही नसतं. अत्तर लावून यायचं नाही, लिपस्टिक नाही, आधी चिवडा-फरसाण नाही, आणि गुटखा खाणाऱ्याला पॅनेलवर जागाच नाही. तीन पेले समोर, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं. वाईनवाले तोंडातून फिरवून थुंकतात, आम्ही मात्र गिळायचो, कारण कडूपणा घशाशी कळतो. एक-दोन घोटच, पण घरी जाताना बसमध्ये वेलदोडा चघळायची सवय लागली ती अजून गेली नाही.

तर आयुष्यात चाखलेली सर्वांत वाईट बिअर मी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत लॅबमध्ये चाखलीच नाही. ती मला मिळाली निवृत्तीनंतर, मे २०२२ मध्ये, वैजापूर रस्त्यावरच्या एका शेतात, भाच्याच्या हळदीला.

पोरांनी सकाळी दहालाच क्रेट आणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवले होते. उघडे प्लास्टिकचे क्रेट, हिरव्या बाटल्या, वर काही झाकलेलं नाही. तीन वाजता त्या बर्फाच्या ड्रममध्ये गेल्या, आणि तो ड्रमही उन्हातच. मी मंडपाच्या कडेला बसून हे सगळं बघत होते, पण मुलाची मावशी बिअरच्या क्रेटबद्दल काय बोलणार? चारच्या सुमारास भाचा काचेचा ग्लास भरून पाणी घेऊन आला, बाटली फोडली, अंगठा लावून उलटी केली, तोंड पाण्यात बुडवलं आणि अंगठा काढला. बाटलीतून एक पिवळट धार सळसळत खाली उतरायला लागली. "बघ मावशी, ग्लिसरिन! हे काढून टाकलं की डोकं दुखत नाही."

हा प्रयोग मी तरुणपणापासून बघत आलेय. ब्रुअरीत माझ्यासोबत सात वर्षं काम केलेला एक फिटरसुद्धा घरी हेच करायचा. बिअरमध्ये ग्लिसरिन असतं हे खरं, बिअर आंबवणारं यीस्टच ते बनवतं, लिटरमागे एक-दोन ग्रॅम. पण ते असं वेगळं होऊन तळाशी जात नाही. खाली उतरते ती सरळ बिअर. तिच्यात न आंबलेली साखर थोडी उरलेली असते, म्हणून ती पाण्यापेक्षा जड. पाण्याची घनता १.००० धरली तर आपल्याकडच्या माइल्ड बिअरची १.००८ च्या आसपास येते. त्यात बाटली बर्फातली आणि पाणी नळाचं, म्हणजे आणखी जड. जड ते खाली, हलकं ते वर. बाटलीत जेवढं पाणी चढतं तेवढी बिअर ग्लासात जाते, आणि पोरं ती ओतून देऊन पाणी मिसळलेली पितात. डोकं कमी दुखत असेल तर ते त्यानंच.

मी भाच्याला समजावून सांगायला गेले नाही. एक रिकामी बाटली घेतली, तिच्यात पाहुण्यांसाठी केलेलं पन्हं गाळून भरलं, तशीच उलटी केली. पिवळी धार अगदी तशीच सळसळत खाली. मित्रमंडळी वाकून वाकून बघत होती. त्यातला एक गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "म्हणजे मावशी, पन्ह्यातपण ग्लिसरिन घालतात?" तिथं मी हात टेकले.

मग भाच्यानं आग्रहानं अर्धा पेला माझ्या हातात दिला. 'आता तू तपासून सांग.' नाकाशी नेला आणि सत्तावीस वर्षांचं शिक्षण एका क्षणात पुढं उभं राहिलं. जळलेलं रबर, दोन दिवस डब्यात बंद राहिलेला चिरलेला कांदा, आणि मागून कोबी. अमेरिकेत स्कंक नावाचा प्राणी शत्रूवर जो फवारा मारतो त्याचा वास असाच, म्हणून तिकडे अशा बिअरला 'स्कंकी' म्हणतात. आम्ही लॅबमध्ये 'ऊन लागलेली' म्हणायचो. माणसाला लागतं तसंच.

ही गंमत नव्हे, रसायन आहे. बिअरला कडूपणा येतो हॉप्समुळे, म्हणजे एका वेलीच्या फुलांमुळे. हॉप्समधली कडू द्रव्यं आणि बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे आपलं बी-२ जीवनसत्त्व, यांच्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश पडला की कडू द्रव्याचा तुकडा पडतो, तो गंधकाला जाऊन मिळतो, आणि तयार होतो ३-मिथाइल-२-ब्युटिन-१-थायॉल. नाव लक्षात ठेवू नका. लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला पुरतात, एवढं ठेवा. उन्हानं बिअर बिघडते हे जर्मन रसायनतज्ज्ञांना १८७५ च्या सुमारास ठाऊक होतं; आत नेमकं काय घडतं ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या माल्कम फोर्ब्स यांनी बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांसोबत २००१ मध्ये पक्कं केलं. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते. हिरवी थोडासाच, आणि पांढरी, म्हणजे पारदर्शक काच असून नसल्यासारखी. पांढऱ्या बाटलीत कडक उन्हात हे काम काही मिनिटांत होतं. (दुधातही रायबोफ्लेविन असतं. काचेच्या बाटलीतलं दूध उन्हात राहिलं की त्यालाही वास येतो, तो त्याचाच चुलतभाऊ.) परदेशी, महागडी म्हणून आपण ज्या हिरव्या आणि पांढऱ्या बाटल्या मिरवतो, त्याच आपल्या उन्हाला सगळ्यांत आधी बळी पडतात. एका वाचकानं दोनशे रुपये जास्त मोजून 'इम्पोर्टेड' घेतली आणि ती सडकी निघाली, असं लिहिलंय. वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

प्रकाशाचं झालं. उष्णतेचं वेगळंच. कॅनला ऊन दिसत नाही, पण तापतो तोही. बिअर जुनी झाली की पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागतो. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: ३ अंशांवर ठेवलेली बिअर तीनशे दिवसांत जेवढी म्हातारी होते, तेवढी २२ अंशांवर तीस दिवसांत आणि ३२ अंशांवर तीन दिवसांत होते. आता मे महिन्यातल्या मराठवाड्यातलं पत्र्याच्या छताचं गोदाम डोळ्यांपुढं आणा. लॅबमध्ये आम्ही मुद्दाम बाटल्या गरम कपाटात ठेवून त्यांना म्हातारं करायचो आणि मग चाखायचो. दुकानदार तेच काम फुकट करतात. 'एकदा फ्रिजमध्ये ठेवलेली बिअर बाहेर काढली की नासते' असं ठामपणे लिहिणाऱ्या पुण्याच्या वाचकांना एवढंच सांगते की गार-गरम-गार होण्यानं काही बिघडत नाही. गरम किती वेळ होती, ते मोजा.

आमचीही चूक असते, ते लपवत नाही. यीस्टला पुरता वेळ दिला नाही की बिअरला लोण्याचा वास राहतो, डायअॅसिटिल म्हणतात त्याला. नमुना गरम पाण्यात ठेवून हुंगला की लगेच कळतो. एका उन्हाळ्यात अशी एक टाकी माझ्या नाकाखालून गेली. मी वहीत 'आणखी चार दिवस थांबा' लिहिलं. मागणी मेमधली, गाड्या दारात उभ्या. ती टाकी बाकीच्या तीन टाक्यांत थोडी थोडी मिसळून गेली. आकडे नियमात बसत होते, सही माझीच होती. कुणाची तक्रार आली नाही. आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरबद्दल वाचकांनी जे 'नेलपॉलिश' वगैरे लिहिलंय, तेही बरंचसं खरं आहे. बार्लीच्या जोडीला तांदळाची कणी किंवा साखर घालून, आठ टक्क्यांपर्यंतची बिअर घाईनं आणि गरम आंबवली की असा वास येतो. ज्यांना चव नको, चढायला हवी, त्यांना चालतो. त्या गिऱ्हाइकाला मी कधी नावं ठेवली नाहीत. आमचा पगार बराचसा त्याच्या खिशातून होत होता.

पण एवढं सगळं धरूनही, माझ्या हाताखालून गेलेल्या बाटल्यांपैकी त्या ट्रॉलीतल्या बाटल्यांइतकी घाण एकही नव्हती. आणि ती बिअर, मला जवळजवळ खात्री आहे, आमच्याच गावची होती, चाळीसेक किलोमीटर गेलेली. कारखान्यातून निघाली तेव्हा धडधाकट असणार.

हे पत्र लिहिण्याआधी मागच्या आठवड्यात घराजवळच्या बिअर शॉपीत गेले. दुकान पश्चिमेला तोंड करून. संध्याकाळचं ऊन थेट काचेच्या फ्रिजवर, पुढच्या ओळीत हिरव्या बाटल्या, बाहेर पायरीवर रिकाम्यांच्या शेजारी भरलेले क्रेट. पांढऱ्या केसांची बाई काउंटरवर बघून दुकानदारानं आधी "साहेबांसाठी का?" विचारलं. मी चष्मा वर करून बाटलीवरची तारीख शोधायला लागले, तसा तो अस्वस्थ झाला. बाटली पाच महिन्यांपूर्वीची निघाली. म्हटलं, मागच्या खोक्यातली द्या, उन्हात नसलेली, तपकिरी.

"मॅडम, गार आहे की," तो म्हणाला. "गार असल्यावर चव कोण बघतंय?"

खरं तर तो बरोबरच बोलला. बर्फासारख्या गार बिअरचा वास नाकापर्यंत पोचत नाही, म्हणून तर आम्ही लॅबमध्ये कधीच तेवढी गार चाखली नाही. मी मागच्या खोक्यातली दोन घेतली, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळली. आपलंच होतं.

वाचकांची आणखी पत्रं छापणार असाल तर त्यांना बाटलीचा रंग आणि भरल्याची तारीख कळवायला सांगा. मग त्यातलं काय कारखान्याचं आणि काय पायरीवरचं, ते मी दर रविवारी बसून वेगळं करून देईन. मला वेळ आहे.

माझं नाव छापू नये ही विनंती. सासूबाई आता नाहीत, पण सुनेच्या माहेरी अजून 'फॅक्टरीत तपासणीला होत्या' एवढंच माहीत आहे.

आपली,
एक वाचक
छत्रपती संभाजीनगर