वसुलीवाल्याला परीक्षा, कर्ज मिळवून देणाऱ्याला मात्र काहीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, चार टप्प्यांत साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आला. प्रत्येक कपातीनंतर किती लाखाच्या कर्जाचा हप्ता किती रुपयांनी उतरेल याची कोष्टकं सगळ्या वर्तमानपत्रांत आली. ती यायलाच हवीत. पण ते कर्ज माणसापर्यंत कोणाच्या हातून पोचतं, त्या माणसाला पैसे कोण देतं आणि कशाच्या हिशेबानं देतं, हे कुठेच छापून येत नाही. मी नाशिकमध्ये गृहकर्जाच्या फाइली करतो. बँका आम्हाला डीएसए, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट म्हणतात. माझ्या पोटावर येणारा विषय आहे, तरी स्पष्ट लिहितो: आमच्या धंद्याला कायदा हवा, आणि तो लवकर हवा.

आमचं काम काय, ते आधी सांगतो, कारण दलाल म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या येतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी पगारावर असलेला कामगार, सिन्नरचा दूधवाला, निफाडचा द्राक्षबागाईतदार यांचं उत्पन्न खरं असतं, पण कागदावर नीट दिसत नाही. बँकेच्या शाखेत त्याला दोन मिनिटांत वाटेला लावतात. आम्ही त्याचे बँकेचे व्यवहार मांडतो, सात-बारा आणि एनए (बिगरशेती) ऑर्डर जुळवतो, मंजूर नकाशा मिळवतो, मालकी तपासणाऱ्या वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये निघालेल्या शंका निस्तरतो आणि कर्ज वाटप झाल्यावर नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सरकारदरबारी द्यायची सूचना, वेळेत भरली का तेही बघतो. या कामाचे पैसे ग्राहक देत नाही. कर्ज वाटप झालं की कर्ज देणारी संस्था आम्हाला पेआऊट देते. तो कर्जाच्या रकमेच्या अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतो, संस्थेगणिक वेगळा.

दुखणं याच पेआऊटमध्ये आहे. समजा एका बँकेचा दर साडेआठ टक्के आणि एका हाउसिंग फायनान्स कंपनीचा पावणेनऊ. कंपनी एजंटाला बँकेपेक्षा जास्त देते. ग्राहकाचे कागद दोन्हीकडे चालण्यासारखे आहेत. फाइल कुठे दाखल करायची, हे प्रत्यक्षात एजंट ठरवतो, कारण ग्राहक त्याच्यावर विसंबलेला असतो. 30 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी घेतलं तर साडेआठनं हप्ता साधारण 26,035 रुपये बसतो आणि पावणेनऊनं 26,511. महिन्याचे पावणेपाचशे रुपये कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत. दरातलं हे अंतर शेवटपर्यंत टिकलं, तर 240 हप्त्यांत 1 लाख 14 हजारांहून जास्त रक्कम जाते. एजंटाला त्यातून जादा मिळतात फार तर काही हजार, आणि तो जादा पेआऊट ग्राहकाला कधीच कळत नाही.

विम्याचं तर याहून वाईट. एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर असलेले गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं म्हणून माझ्याकडे आले. कागदांची पिशवी टेबलावर रिकामी केली. ताईंनी स्टेटमेंटच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "आम्ही पंचवीस लाख मागितले होते, इथं सव्वीस का लिहिलेत?" वरचा एक लाख म्हणजे कर्जविम्याचा एकरकमी हप्ता. तो कर्जातच मिळवला होता. पॉलिसी मेलवर आली होती, पण ती कोणी उघडली नव्हती. मी उघडली. विम्याची मुदत 10 वर्षं होती, कर्जाची 20. पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांत त्या एका लाखाचे 2 लाख 8 हजार भरावे लागतात. "विमा घेतला तरच सँक्शन होईल" असं त्यांना सांगितलं होतं. कोणी सांगितलं, एजंटानं की शाखेतल्या साहेबांनी, हे त्यांना आता आठवत नव्हतं. दोघंही एकाच टेबलाशी बसले होते.

रिझर्व्ह बँकेनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जासोबत, म्हणजे गृहकर्जासोबतही, 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक झालं. त्यात व्याज, प्रोसेसिंग फी, विमा, वकिलाचा खर्च सगळं धरून कर्जाचा खरा वार्षिक दर लिहावा लागतो, तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यावे लागतात. हे मोठं पाऊल आहे. वर लिहिलेल्या जोडप्याचं कर्ज त्याआधीचं होतं. आज तो एक लाख निदान एका रकान्यात दिसला असता. पण त्या पत्रकात ग्राहकाच्या खिशातून जाणारा पैसा दिसतो. मधल्या माणसाच्या खिशात पडणारा दिसत नाही. सल्ला कुठून कलला, हे समजायला तोच आकडा लागतो.

आता शेजारच्या धंद्यांकडे बघा. फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाला रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 9 खाली नोंदणी करावी लागते, आणि महारेरा या त्याच्या राज्यातल्या प्राधिकरणानं त्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायला लावली. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला परीक्षा पास होऊन एआरएन हा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्याला किती कमिशन गेलं हे गुंतवणूकदाराच्या सहामाही स्टेटमेंटमध्ये रुपयांत छापून येतं. विमा एजंटालाही परीक्षा आहे. एवढंच काय, थकलेलं कर्ज वसूल करायला दारात येणाऱ्या एजंटालासुद्धा 2008 पासून प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. त्याच कर्जाची सही घेणाऱ्याला मात्र परीक्षेची अट नाही. डीएसएला नीट प्रशिक्षण द्या, असं रिझर्व्ह बँक बँकांना सांगते. आमच्याकडे ते प्रशिक्षण म्हणजे हॉटेलच्या हॉलमध्ये नव्या स्कीमची स्लाइड आणि जेवण. पॅन, आधार आणि कॅन्सल चेक दिला की बँकेचा एजंट कोड मिळतो. कोड नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या हाताखाली 'कनेक्टर' म्हणून फाइली आणता येतात. कनेक्टर कोण आहे, हे तर बँकेलाही माहीत नसतं.

अमेरिकेला हा धडा फार महागात पडला. तिथे 2008 च्या आधी ब्रोकरला 'यील्ड स्प्रेड प्रीमियम' मिळायचा. ग्राहक ज्या दराला पात्र आहे त्याहून चढ्या दरानं कर्ज गळ्यात मारलं, की कर्ज देणारी संस्था ब्रोकरला जादा पैसे द्यायची. दर जितका चढा तितकी कमाई जास्त. घरांचा बाजार कोसळल्यावर आधी 2008 मध्ये 'सेफ ॲक्ट' आला. परवाना हवा असेल तर 20 तासांचं शिक्षण, 75 टक्के गुणांची परीक्षा, बोटांचे ठसे, स्वतःच्या कर्जफेडीच्या इतिहासाची (क्रेडिट रिपोर्टची) तपासणी आणि पुढे दरवर्षी 8 तासांची उजळणी. प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक मिळाला, आणि तो क्रमांक टाकून कोणीही त्याची माहिती काढू शकतो. 2010 मध्ये 'डॉड-फ्रँक' कायदा झाला आणि 2011 च्या एप्रिलपासून दरावर किंवा अटींवर ठरणारं कमिशन बंद झालं. रकमेवर ठराविक टक्का चालतो. ग्राहकाकडून आणि बँकेकडून दोन्हीकडून घेणं चालत नाही. हा भाग मला मनापासून पटतो. भारतात तो जसाच्या तसा आणला तरी माझी तक्रार नाही.

पण त्याच कायद्यांतला दुसरा भाग आपण उचलू नये, म्हणून हे पत्र. 'सेफ ॲक्ट'खाली परीक्षा आणि परवाना ब्रोकरला लागला, बँकेच्या पगारी कर्ज अधिकाऱ्याला मात्र नुसती नोंदणी पुरली. पुढे 2014 च्या जानेवारीपासून 'क्वालिफाइड मॉर्टगेज', म्हणजे फेडता येण्याजोगं मानल्या जाणाऱ्या कर्जावर एकूण शुल्काची मर्यादा आली, बहुतेक कर्जांना 3 टक्क्यांची. कर्ज देणाऱ्या संस्थेनं ब्रोकरला दिलेलं कमिशन त्या मर्यादेत धरलं जातं. त्याच संस्थेनं स्वतःच्या नोकराला दिलेलं कमिशन धरलं जात नाही. काम एकच, पण माप दोन. बरेच छोटे ब्रोकर धंदा गुंडाळून बँकांच्या नोकरीत गेले. मंदीचाही त्यात मोठा वाटा होता, हे मान्य. पण ग्राहकाला चार दुकानं फिरून तुलना करून देणारा माणूस बाजूला गेला आणि एकाच बँकेचा माल विकणारा टिकला, तर त्यात ग्राहकाचं भलं कसं होणार?

ऑस्ट्रेलियात याच वादाला वेगळं वळण लागलं. 2019 मध्ये बँकांच्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या हेन आयोगानं शिफारस केली की ब्रोकरचे पैसे बँकेनं देऊ नयेत, कर्जदारानं द्यावेत. ब्रोकरांनी जोरदार विरोध केला आणि सरकारनं ते लागू केलं नाही. पण आयोगाची दुसरी शिफारस टिकली. 1 जानेवारी 2021 पासून ग्राहकाचं हित आधी पाहणं हे तिथल्या ब्रोकरचं कायदेशीर कर्तव्य आहे. हितसंबंध आड आले तर ग्राहकाला झुकतं माप द्यावं लागतं. आपल्याकडे ग्राहकानं एजंटाला फी द्यावी हे मलाही पटत नाही. ज्याला मार्जिन मनी, म्हणजे घराच्या किमतीतला स्वतःचा वाटा, जमवताना बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवावं लागतं, तो आणखी पंधरा हजार कुठून देणार? तो सरळ सगळ्यात मोठी जाहिरात करणाऱ्या बँकेत जाईल.

माझी मागणी अशी. ज्याच्या सल्ल्यावर माणूस 20 वर्षांचं कर्ज काढतो, त्या प्रत्येकाला परीक्षा आणि क्रमांक असावा आणि कनेक्टरही त्यातून सुटू नये. की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये आणखी एक ओळ यावी: या कर्जापोटी मध्यस्थाला किती रुपये मिळाले. जादा दरावर आणि विम्यावर मिळणारं बक्षीस बंद व्हावं. आणि हे सगळं बँकेच्या शाखेत बसणाऱ्या सेल्सच्या मुलांना, बिल्डरच्या साइट ऑफिसातल्या टेबलाला आणि मोबाइल ॲपलाही तितकंच लागू असावं. ॲपच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं 2025 च्या डिजिटल कर्ज निर्देशांत सुरुवात केली आहे. अनेक संस्थांशी जोडलेल्या ॲपनं जुळणारे सगळे प्रस्ताव दाखवायचे, एकालाच पुढे करायचं नाही. मोबाइलच्या पडद्यावर जे बंधन आलं ते समोरासमोर बसून बोलणाऱ्यावर का येऊ नये?

आमच्यातल्या काहींना हे पत्र आवडणार नाही. पेआऊट कागदावर आला की ग्राहक त्यातला वाटा मागेल, अशी त्यांना भीती आहे, आणि ती खोटी नाही. आधीच टीडीएस कापून पैसे दोन-दोन महिन्यांनी येतात. ग्राहकानं लवकर कर्ज फेडलं किंवा दुसरीकडे नेलं तर दिलेला पेआऊट परत कापून घेणाऱ्या संस्थाही आहेत. तालुक्याच्या गावात महिन्याला दोन-तीन फाइली करणाऱ्या एजंटाला परवान्याचा खर्च आणि परीक्षेसाठी शहरात खेटे झेपणार नाहीत. म्हणून शुल्क माफक ठेवावं, परीक्षा मराठीत असावी आणि केंद्रं जिल्ह्याच्या खालीही असावीत. महारेराची परीक्षा मराठीतून देता येते, मग ही का नाही?

नियम करण्याआधी रिझर्व्ह बँक मसुदा संकेतस्थळावर टाकते आणि हरकती मागवते. त्यावर बँकांच्या संघटना लिहितात, मोठ्या कंपन्यांचे वकील लिहितात. येवल्याचा किंवा कळवणचा एजंट लिहीत नाही, कारण तो मसुदा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. कर्जदाराला त्याच्या भाषेत पत्रक द्या असं बँकांना सांगणाऱ्या रिझर्व्ह बँकेनं असा मसुदा काढला, तर तो मराठीतही काढावा आणि हरकतींना किमान दोन महिने द्यावेत. आपल्या वृत्तपत्रानं ही मागणी आमच्या खासदारांपर्यंत पोचवावी, ही विनंती.

आपला,
एक गृहकर्ज एजंट, नाशिक