बिल्डर राजाचा तलाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बेल्जियमचा प्रवासलेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर पत्र छापण्यासारखं राहिलं नसतं, म्हणून सोमवार उजाडू दिला. लेखिकाबाईंची शैली छान आहे, वॉफलचं वर्णन तर विचारूच नका. पण तिथल्या जुन्या राजाला, दुसऱ्या लिओपोल्डला, त्या कौतुकाने ‘बिल्डर राजा’ म्हणतात! आपल्याकडे बिल्डर म्हटलं की लोक आधी सातबारा कोणाचा होता ते विचारतात. या बिल्डरने १८८५ मध्ये आफ्रिकेतला, बेल्जियमच्या ७६ पट मोठा कांगो स्वतःच्या नावावर करून घेतला आणि तिथे जन्मात पाऊल ठेवलं नाही. गावाने रबर कमी आणलं की बायका ओलीस ठेवायच्या. शिपायाला मोजून काडतुसं, ती वाया घालवली नाहीत याचा पुरावा म्हणजे मारलेल्या माणसाचा कापलेला हात. ब्रसेल्सची ती भव्य कमान याच राजाची, १९०५ ची. तिला ‘तोडलेल्या हातांची कमान’ तिथल्याच विरोधकांनी म्हटलं होतं, मी नव्हे.

कमानीचं एक वेळ सोडून देतो. ‘टेरव्युरेनचा रम्य तलाव, मन शांत झालं’ हे ब्रसेल्सजवळच्या त्या गावाबद्दलचं वाक्य काही घशाखाली उतरत नाही. बाई, १८९७ च्या उन्हाळ्यात याच तलावाकाठी झोपड्या उभारून कांगोतली माणसं प्रदर्शनात मांडली होती! एकूण २६७ माणसं आणली होती. बघे त्यांच्याकडे खाऊ फेकू लागले, तेव्हा ‘यांना समितीतर्फे खायला दिलं जातं’ अशी पाटी लागली. थंडी-पावसात सात जण दगावले. त्यांच्या कबरी तिथल्याच चर्चशेजारी आहेत.

त्या मी पाहिलेल्या नाहीत, हे कबूल करतो. २०१९ मध्ये आम्ही उभयता सहलीला गेलो होतो. कमानीखाली टूर मॅनेजरला विचारलं, टेरव्युरेन इथून ट्रामने जवळच आहे, जाऊन येता येईल का? तो म्हणाला, ‘काका, कार्यक्रमात नाही.’ मागून एक ताई म्हणाल्या, ‘सुट्टीत कसल्या कबरी बघायच्या?’ मग चॉकलेट खरेदीला दीड तास दिला. आमची ही दुकानात गेली, मी बाहेर बाकावर बसून राहिलो. सात वेळा हात जोडायचे होते, तेवढंही झालं नाही. आणि तुमच्या लेखिका प्रत्यक्ष तिथे जाऊन बदकांबद्दल लिहितात!

२०२० मध्ये सध्याच्या राजांनी कांगोच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र पाठवून खेद कळवला. माफी नाही, खेद. उद्या पाणी येणार नाही असं फलकावर लिहितात, त्याच जातीचा.

तुमच्याकडून तर तोही आला नाही. मागच्या महिन्यात माझ्या पत्राची शेवटची चार वाक्यं, म्हणजे नेमका मुद्दाच, उडवलात आणि खाली सांगलीऐवजी सांगोला छापलंत. व्याह्यांचा फोन आला, ‘घर कधी बदललंत?’ या वेळी कात्री लावायचीच असेल तर वॉफलला लावा, कबरींना नको.

आपला,
एक जुना वाचक,
सांगली (सांगोला नव्हे)