गावाचे मत आणि माणसाचे मत

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

आपले गाव नेमके कोणत्या पक्षाचे, असे तू विचारले आहेस. 2024 मध्ये लोकसभेला गावाने एका बाजूला मताधिक्य दिले आणि सहा महिन्यांत विधानसभेला दुसऱ्या बाजूला, म्हणून तुला ते बेभरवशाचे वाटले. मला तसे वाटत नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या लहान गावांत पक्षाच्या आधी गट येतो. विकास सोसायटीचे पीककर्ज, दूध संकलन केंद्र, कारखान्याची ऊसतोड आणि भावकी यांतून तो गट वर्षानुवर्षे बांधला गेलेला असतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नसतेच. तिथे पॅनेल असते. पॅनेलप्रमुख ज्या पक्षात जाईल त्या पक्षाचा झेंडा त्या आळीत लागतो, माणसे मात्र तीच राहतात.

लोकसभेला हे किती स्वच्छ दिसले ते पाहा. आघाडीच्या जागावाटपात सांगलीची जागा शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाकडे गेली आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. ज्या म्हाताऱ्यांनी हयातभर पंजाशिवाय दुसरे चिन्ह पाहिले नव्हते, त्यांनी थोड्या दिवसांत लिफाफा पाठ केला आणि विशाल पाटील एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. याला पक्षनिष्ठा म्हणता येणार नाही, पण चंचलपणाही म्हणता येणार नाही. ज्या घराण्याशी आजोबांच्या वेळेपासून येणेजाणे आहे, त्याच्यामागे गाव गेले इतकेच.

विधानसभेला मात्र एक वेगळी गोष्ट घडली आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यावर येऊ लागले होते. त्या पैशाने मते विकत घेतली, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या आळीतल्या कित्येक घरांत नवरा गटाच्या आणि बायको स्वतःच्या मनाने मत देते आहे, हे मी प्रथमच ऐकले. त्या उमेदवारांबद्दल माझे मत काहीही असो, घरातले मत दोन वाटांनी गेले याचा मला आनंद झाला.

पण हा आनंद टिकू न देणारी एक गोष्ट आहे, आणि तुला एवढे सविस्तर लिहायचे कारण तेच. मत गुप्त असते असे आपण शाळेत शिकलो. हजारभर मतदारांच्या गावात ते खरे राहत नाही, कारण मोजणी मतदान केंद्रनिहाय होते आणि तिचे आकडे नमुना 20 या निकालपत्रकात जाहीर होतात. निकालाच्या संध्याकाळी कट्ट्यावर तो कागद फिरतो, कोणत्या केंद्रावर कोणत्या वस्तीची नावे आहेत हे सगळ्यांना तोंडपाठ असते, आणि ‘मळ्याने दगा दिला’ असा निवाडा तासाभरात होतो. त्यानंतर त्या वस्तीचा रस्ता मागे पडतो, पाण्याच्या लाइनचे काम रेंगाळते, एखाद्याच्या उसाला तोड उशिरा मिळते. उघड कोणी काही बोलत नाही, म्हणून तक्रार कोणाविरुद्ध करायची हेही कळत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा 1961 च्या नियमांत, दहशतीची शंका असेल तिथे, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्रे आल्यावर ती सोय मागे पडली. निवडणूक आयोगाने 2008 मध्ये टोटलायझर हे उपकरण सुचवले. त्याने 14 यंत्रांची मते एकत्र मोजता येतात. विधी आयोगानेही 2015 मध्ये त्याची शिफारस केली, पण केंद्र सरकारने ती मानली नाही. केंद्रनिहाय आकडे कळले तर कुठे अधिक काम करायला हवे हे उमेदवारांना समजते, असा एक युक्तिवाद होता. तो करणाऱ्यांनी निवडणुकीनंतरचे सहा महिने एखाद्या वस्तीवर काढावेत, असे मला मनापासून वाटते.

मारकडवाडीचे प्रकरण तुला आठवत असेल. माळशिरस तालुक्यातल्या त्या गावाने 3 डिसेंबर 2024 रोजी मतपत्रिकेवर पुन्हा चाचणी मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले. सगळी चर्चा यंत्रांवर झाली. परंतु गावात शरद पवार गटाचे उत्तम जानकर यांना 843 आणि भाजपचे राम सातपुते यांना 1003 मते पडली हा आकडा गावाला कळला आणि पटला नाही, म्हणूनच तो वाद उभा राहिला, याकडे फार कोणी लक्ष दिले नाही. एवढ्याशा गावाने एकूण काय कौल दिला हे जगाला कळण्याची गरजच काय, हा माझा प्रश्न आहे.

ग्रामपंचायतीला मात्र टोटलायझरचाही उपयोग नाही, कारण प्रभागच काहीशे मतांचा असतो. तिथे अनेक केंद्रांची मते एकत्र मिसळण्यासारखे काही उरत नाही. म्हणून टोटलायझरची मागणी मी विधानसभा आणि लोकसभेपुरती ठेवली आहे. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडून तो आयोगाकडे पाठवावा, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. दोन्ही गटांतल्या जुन्या माणसांशी बोललो. होकार बायकांकडून लवकर मिळाला, पुढाऱ्यांकडून अजून नाही. ठरावाचा मसुदा सोबत पाठवतो आहे. तुला कायद्याची भाषा माझ्याहून चांगली येते, तेव्हा तो तपासून ग्रामसभेच्या आधी परत पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र