वायुविहिरींच्या पाण्याचा दाखला आणि आपले खाण खंदक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला की गोव्यातल्या डिचोली, साखळी परिसरात टँकर फिरू लागतात आणि बंद लोहखनिज खाणींच्या खंदकांत साठलेले पाणी नळाला का जोडत नाही, हा प्रश्न पुन्हा वर येतो. हल्ली त्याला ऑस्ट्रेलियाचा दाखला जोडला जातो. तिकडे कोळशाच्या थरांतून वायू काढताना निघणारे पाणी गावे पितात, मग आपणच नाक का मुरडायचे? दाखला खोटा नाही, पण अर्धाच सांगितला जातो.

कोळशाच्या थरातला मिथेन पाण्याच्या दाबामुळे कोळशाला धरून असतो. विहीर पाडून पाणी उपसले की दाब उतरतो आणि वायू सुटतो. त्यामुळे सुरुवातीला पाणी भरपूर आणि वायू थोडा, तर पुढे वायू वाढतो आणि पाणी घटत जाते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात चिंचिला गावासाठी हे पाणी वापरतात, पण ते थेट नळात सोडत नाहीत. तिथल्याच केन्या नावाच्या शुद्धीकरण प्रकल्पात शुद्ध केलेले पाणी सुमारे 20 किलोमीटर जलवाहिनीने चिंचिलाच्या बंधाऱ्यात जाते, नदीच्या पाण्यात मिसळते आणि गावासाठी बंधाऱ्यातून उचलून पुन्हा नेहमीसारखे शुद्ध केले जाते. वाटेत शेतकरीही ते घेतात.

त्या पाण्याचा मुख्य दोष खारेपणा. त्यात सोडियम बायकार्बोनेट भरपूर, कॅल्शियम नावाला आणि काही ठिकाणी फ्लोराईड व बोरॉनही. विरघळलेले क्षार लिटरला 3,000 मिलिग्रॅम धरले, तर 10 एमएलडी (म्हणजे दिवसाला 10 दशलक्ष लिटर) पाण्यातून रोज 30 टन मीठ वर येते. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या 10500 क्रमांकाच्या भारतीय मानकात क्षारांची मर्यादा 500 आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000. म्हणून आरओ, म्हणजे दाबाने पडद्यातून पाणी गाळून मीठ वेगळे करणारे यंत्र, लागतो. आरओने 80 टक्के पाणी मिळाले तर 8 एमएलडी गोडे आणि 2 एमएलडी पाचपट खारे पाणी उरते. दिवसाला 5 मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर तेवढे वाळवायला 40 हेक्टर तळी हवीत, आणि मिठाचे पाणी त्याहूनही सावकाश वाळते. कोरड्या प्रदेशातही या मिठाचे करायचे काय हा प्रश्न सुटता सुटत नाही. आपल्याकडे तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसातच ती तळी भरून वाहतील. शिवाय आरओचे पाणी इतके मऊ असते की चुना किंवा कॅल्शियम घातल्याशिवाय सोडले तर जुन्या बिडाच्या वाहिन्या खाऊ लागते आणि नळाला तांबूस पाणी येते. बोरॉन तर साध्या पीएचला पडद्यातून बराचसा निसटतो. त्यासाठी पीएच दहाच्या आसपास नेऊन दुसरी फेरी द्यावी लागते.

आपल्या खंदकांची गोष्ट उलटी आहे. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या खंदकात मीठ नसते, असतो तो तांबडा गाळ, लोह आणि मँगनीज. तिथे आरओ बसवणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे, कारण बारीक मातीने पडदे तुंबतील आणि काढायला मीठ नाहीच. नेहमीचीच प्रक्रिया पुरते, पण ती नीट जमायला हवी. जांभ्या दगडातले पाणी मऊ आणि किंचित आम्ल असते. एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) खाते. पाण्यात मुळात क्षारताच नसेल तर पीएच घसरतो, गाळाच्या गुठळ्या धरत नाहीत आणि गाळ तसाच पुढे जातो. मग ऑपरेटर तुरटी वाढवतो आणि आणखी बिघडते. आधी चुना, मग तुरटी, आणि मात्रा रोजच्या जार टेस्टने (भांड्यांत वेगवेगळ्या मात्रा घालून पाहून) ठरवायची, कालच्या वहीवरून नव्हे.

मँगनीज जास्त दगाबाज. खोल खंदकात उन्हाळ्यात तळाच्या पाण्यात प्राणवायू उरत नाही आणि मँगनीज विरघळते. साध्या वायुवीजनाने लोह पडते, मँगनीज पडत नाही. त्याला पोटॅशियम परमँगनेट लागते, एका मिलिग्रॅमला जवळपास दोन. जास्त पडले तर नळाला गुलाबी पाणी येते. कमी पडले तर मँगनीज वाहिनीत क्लोरीनशी हळूहळू काळे होऊन आतून थर धरते आणि दाब बदलला की धुतलेल्या कपड्यांवर उतरते. मानकात त्याची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, नाइलाजाने 0.3. म्हणून पंप तराफ्यावर ठेवून पाणी पृष्ठभागाखाली तीन-चार मीटरवरून उचलावे. तळाशी फूटव्हॉल्व्ह (शोषनळीच्या टोकाची झडप) टाकून मोकळे होणे ही सर्वात स्वस्त आणि सर्वात वाईट सोय. खाण चालू होती तिथे सुरुंगाच्या दारूमुळे नायट्रेट आणि यंत्रांमुळे तेलही तपासावे.

प्रश्न किती पाण्याचा, हाही आहे. पृष्ठभाग 10 हेक्टर असलेल्या खंदकातून 10 एमएलडी उपसले तर पातळी रोज 10 सेंटीमीटर उतरते आणि खंदक खाली निमुळता असल्याने पुढे वेग वाढतो. पातळी झपाट्याने उतरली की भिजलेले बांध आधार सुटून कोसळतात. आजूबाजूच्या विहिरी आणि झरेही उतरतात. खाणपट्ट्यात हा अनुभव नवा नाही. तेव्हा अर्ध्या किलोमीटरमधल्या विहिरींची पातळी आठवड्याला मोजली पाहिजे आणि ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली की पंप बंद झाला पाहिजे. एका गावची विहीर आटवून दुसऱ्या गावचा नळ भरण्यात कसले आले शहाणपण?

वायुविहिरींशी खरे साम्य इथेच आहे. दोन्हीकडे पाणी हे दुसऱ्याच्या धंद्याचे उपउत्पादन. वायू संपत आला की तिथले पाणी आटते. इथे 2018 मध्ये खाणी थांबल्या, डिसेंबर 2022 पासून लिलाव सुरू झाले. लीज पुन्हा चालू झाले की तोच खंदक उपसून कोरडा केला जाणार, मग पाइपलाइन आणि पंपाचा खर्च कोणाच्या माथी? खंदक लिलावाच्या यादीत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पंपाची निविदा काढू नये. असेल, तर उपसलेले पाणी किती वर्षे, किती आणि कोणत्या दर्जाचे द्यायचे हे लीजधारकाशी लेखी ठरवावे. नसेल, तर मार्चअखेर पृष्ठभाग, मध्य आणि तळ अशा तीन खोलींवरील मँगनीज, लोह, नायट्रेट व पीएचचे आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत. पंप किती खोलीवर बसवायचा ते त्यावरूनच ठरते.

आपले,
पाणीपुरवठा क्षेत्रातील काही निवृत्त तंत्रज्ञ, डिचोली