तुझी डावी बाजू, माझी उजवी

बंड्या,

फोनवर सांगितलं असतं पण तू मधेच "अरे सोड ना" म्हणाला असतास, म्हणून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी ते लाकडी मॉडेलचं खोकं माझ्या गळ्यात मारलंस आठवतंय का, 'वासा' जहाजाचं? स्वीडनचं १६२८ सालचं जहाज, "फक्त एक बाजू राहिलीय रे" म्हणून दिलेलंस. फक्त!

आधी कबूल करतो, डावी बाजू तू झकास केलीयस. पुढे नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या टोकाकडे, प्रत्येक पट्टी निमुळती तासत नेलीयस, कुठे पाचर मारावी लागलेली नाही, माझ्या बाजूला चार आहेत, मोजू नकोस. पण शहाण्या, अख्खी डावी बाजू आधी पुरी करायला कुणी सांगितलं होतं तुला? एक पट्टी डावीकडे लावली की लगेच तिची जोडीदार उजवीकडे लावायची असते, कारण गरम पाण्यात भिजवून वाकवलेलं लाकूड वाळताना ओढ घेतं आणि पलीकडून तेवढीच ओढ नसेल तर आतला सगळा सांगाडा एका अंगाला जातो. मी स्टीलची पट्टी कीलला, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्याला, लावून बघितली तर मधे ४ मिलीमीटरची फट. १:७५ च्या मॉडेलात ४ मिलीमीटर म्हणजे खऱ्या जहाजात ३० सेंटीमीटर, फूटभर वाकडं! घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे डायरेक्ट वासाच फिरला होता.

मग काय, तुझ्या खालच्या तीन पट्ट्या ब्लेडने सोडवल्या (सॉरी), बाकीच्यांवर ओलं फडकं गुंडाळलं, सरळ फळीवर कील क्लॅम्पने आवळली आणि आठवडाभर हात लावला नाही, म्हणजे लावायचा नव्हता, रोज सकाळी उठून बघतच होतो. सोडल्यावर फट दीड मिलीमीटरवर आली. पुढे मी उजवीकडच्या पट्ट्या लावत गेलो तशी अजून थोडी सरळ झाली, पण पूर्ण नाही गेली. ज्याला माहीत नाही त्याला दिसणार नाही, मला रोज दिसते.

आणि आता खरी गंमत. वैतागून मी मूळ जहाजाबद्दल वाचायला घेतलं, तर ते पण वाकडंच निघालं! १९६१ मध्ये समुद्राच्या तळातून वर काढल्यावर नीट मापं घेतली तेव्हा दिसलं की दोन्ही बाजू सारख्या नाहीत, डावी बाजू जास्त जाड आहे. डावीच, बघ! आत सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या, त्यातल्या काही स्वीडिश फुटाच्या १२ इंची आणि काही ॲम्स्टरडॅम फुटाच्या ११ इंची. म्हणजे एकाचा फूट वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, आणि दोघं एकाच जहाजावर काम करतायत. त्यात मुख्य बांधणारा हेन्रिक हिबर्टसन १६२७ मध्ये वारला आणि जहाज दुसऱ्याने पुरं केलं. तू वारला नाहीस, नुसता कंटाळलास, बाकी स्टोरी तीच.

अर्थात ते बुडालं त्याचं मुख्य कारण हे नव्हे. वरचा भाग फार जड आणि खाली पाण्यातला भाग त्या मानाने अरुंद, म्हणून. निघण्याआधी ३० खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली होती, तीन फेऱ्यांतच जहाज असं डुलायला लागलं की ॲडमिरलने ती थांबवली. तरी सोडलंच. १० ऑगस्टला निघालं आणि जेमतेम १३०० मीटर गेल्यावर वाऱ्याच्या झोताने डावीकडे कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत, संपलं. तिथल्या बाल्टिक समुद्रात मीठ कमी, म्हणून लाकूड खाणारा किडा तिथे टिकत नाही, आणि म्हणून ३३३ वर्षांनी अख्खं जहाज हाती लागलं. नाहीतर तुला-मला बनवायला काय उरलं असतं.

दुसरी तक्रार, रंग. मागच्या भागाला तू खोक्यावरचं चित्र बघून निळा दिलास. तुझी चूक नाही, आधी सगळे निळाच समजायचे, पण नंतर लाकडात अडकलेले रंगाचे कण तपासले तर तो लाल निघाला. त्यामुळे मी तो सगळा घासून काढला, त्या बारक्या मूर्तींच्या खाचांत टूथपिकला सँडपेपरचा तुकडा चिकटवून, आणि डोळ्यांचं पार भजं झालं. एका सिंहाच्या शेपटीखाली थोडा निळा राहिलाय. तो ठेवलाय.

सध्या दोरकाम चालू आहे. डोलकाठ्यांना ताणून धरणारे दोर गडद, शिडांचे दोर फिके, सगळ्यांना आधी मेण चोळून घेतलं म्हणजे लव बसते. उभ्या दोरांवर आडवे दोर बांधायचे, खलाशी ज्यावरून वर चढायचे ते, त्यात जीव जातोय. मागे ५ मिलीमीटरवर रेघा मारलेला कागद लावायचा आणि प्रत्येक उभ्या दोराला क्लोव्ह हिच नावाची गाठ मारत जायचं. गाठ जरा जोरात ओढली की उभे दोर आत खेचले जातात आणि मधे कंबर पडते, डमरूसारखी. पहिल्या डोलकाठीचं सगळं दोनदा कापून टाकलं मी. आता दिवसाला दोनच ओळी करतो, रात्री तर अजिबात नाही.

उजवीकडच्या तिन्ही डोलकाठ्यांचं झालंय. डावीकडचं मी करणार नाहीये. दोरा मेण लावून रीळावर गुंडाळून ठेवलाय, चिमटा आणि रेघांचा कागद पण. सुट्टी कधी टाकतोस ते कळव, आणि चष्मा आण.

तुझा,
उजव्या बाजूचा सुतार