पहिल्याच वर्षाला रिसर्च का नको?

संपादक महोदय,
माझी भाची अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला आहे, म्हणजे दोन वर्षांचं, घराजवळचं, त्यातल्या त्यात कमी फीचं कॉलेज. परवा तिने व्हिडिओ कॉलवर पेट्री डिश दाखवली, बॅक्टेरियाचा पांढरट थर आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ गोल. बागेतली चमचाभर माती तिने स्वतः आणलेली, त्यातल्या फेज व्हायरसने ते बॅक्टेरिया फोडले, आणि त्या फेजला नाव पण तीच देणार! हा सी-फेजेस प्रोग्रॅम हॉवर्ड ह्यूजेस इन्स्टिट्यूटने 2008 मधे सुरू केला, खास पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी.

आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात रिसर्चची डिग्री चौथ्या वर्षाला, तीही आधीच्या सहा सेमिस्टरला 75 टक्के असतील तर. तोपर्यंत पोरांनी काय फक्त जर्नल भरायचं? मी बीएस्सीला तेच केलं, रीडिंग काय यायला पाहिजे ते आधीच माहीत असायचं, वाईट वाटतं आता. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ऑटोक्लेव्ह (वाफेने जंतू मारायचं यंत्र) आहे, मायक्रोस्कोप आहेत, माती तर दारातच आहे. विद्यापीठांनी पहिल्या वर्षाला निदान एक प्रॅक्टिकल असं ठेवावं ज्याचं उत्तर सरांनाही माहीत नसेल.

— एक वाचक, जि. सातारा